घराची भाषा आणि दारातली सेवा

सीमाप्रश्नावर आजवर जे लिहिले गेले त्यात नकाशा आहे, आयोग आहेत, न्यायालय आहे, ठराव आहेत. घर मात्र फार थोड्या ठिकाणी आढळते. आळंदपासून भालकी-औरादपर्यंतच्या पट्ट्यातील मराठी कुटुंबांत बसून ‘तुम्हाला नेमके काय हवे?’ असे विचारले, तर पहिले उत्तर क्वचितच राज्याच्या हद्दीविषयी असते. म्हातारीला दवाखान्यात आपले दुखणे आपल्या शब्दांत सांगता यावे. नातवाला अंगणवाडीत घरची भाषा ऐकू यावी. पंचायतीतून आलेला कागद घरातल्या कुणालातरी वाचता यावा. पलीकडे दिलेल्या लेकीकडे जाणारी एसटी वेळेवर सुटावी आणि तणावाच्या दिवसांत बंद पडू नये. मागण्या एवढ्याच आहेत, आणि त्या लहान वाटतात म्हणूनच सत्तर वर्षे मागे पडल्या आहेत.

आमचे म्हणणे असे की सीमाभागातील कुटुंब टिकायचे असेल तर त्याच्या दाराशी मिळणाऱ्या सेवा सुधारल्या पाहिजेत, आणि या सेवा घराच्या भाषेत मिळाल्याखेरीज त्या सुधारल्या असे म्हणता येणार नाही. सेवा आणि भाषा या दोन वेगळ्या मागण्या नाहीत.

आळंद हे गाव या विचारासाठी योग्य आहे. कलबुर्गी जिल्ह्याचा हा तालुका एका अंगाने अक्कलकोटला व दुसऱ्या अंगाने उमरग्याला लागून आहे. तुकोबांनी ज्या गुरुपरंपरेचा उल्लेख केला, त्यातील राघवचैतन्यांची समाधी येथे असल्याची परंपरा आहे. लाडले मशाक यांचा दर्गा येथेच आहे. या भागातून वाहणारी अमरजा पुढे गाणगापुरास भीमेला मिळते. गाणगापूरच्या नृसिंहसरस्वतींचे चरित्र ज्या सरस्वती गंगाधरांनी मराठीत रचले, त्यांची घरची भाषा कन्नड होती असे परंपरा सांगते. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंची पदे मराठीत, कन्नडात आणि हिंदुस्थानीतही आहेत. या भूमीत दोन भाषा एकमेकींच्या शेजारी शतकानुशतके नांदल्या आहेत. भांडण भाषांनी केलेले नाही. कचेऱ्यांनी ते उभे केले.

कचेरीची भाषा घरापासून तुटली म्हणजे काय होते, हे आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिले होते. निजामाच्या राज्यात दप्तर उर्दूत चाले. मराठी, कन्नड व तेलुगू बोलणारी बहुसंख्य प्रजा अर्जनविसाच्या हाती सापडे. आपल्याच जमिनीच्या कागदावर काय लिहिले आहे हे शेतकऱ्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य गेले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचे त्रिभाजन झाले. एकट्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले: अहमदपूर, निलंगा व उदगीर मुंबई राज्यात, जहिराबाद, न्यालकल व नारायणखेड आंध्रात, बीदर, भालकी, औराद व हुमनाबाद म्हैसुरात. आळंदसह गुलबर्गा जिल्ह्याचा बहुतांश भागही म्हैसूर राज्यात गेला. भाषेच्या आधारे राज्ये झाली, आणि सीमेवरच्या मराठी माणसाच्या वाट्याला पुन्हा एकदा परकी कचेरी आली. फरक एवढाच की या वेळी ती शेजाऱ्याच्या भाषेतली होती.

या रेषेने कुटुंबांचे काय केले, याची नोंद कुठल्याही आयोगाने घेतली नाही. आमच्याकडे रोटी-बेटी व्यवहार राज्य पाहून होत नाही. आळंदची लेक उमरग्याला जाते, अक्कलकोटची लेक आळंदला सून म्हणून येते. पूर्वी हे एका संस्थानातून शेजारच्या दुसऱ्या संस्थानात, फार तर एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाणे होते. आज ती लेक दुसऱ्या राज्यात जाते आणि तिची सगळी कागदपत्रे मागे राहतात. शिधापत्रिकेवरचे नाव इकडून कमी करून तिकडे चढवायचे. माहेरचा दाखला कन्नडात, सासरची कचेरी मराठीत. मागासवर्गातील मुलीची अडचण त्याहून मोठी. एका राज्यात मिळालेले जातीचे आरक्षण दुसऱ्या राज्यात गेल्यावर तेथील राज्यसेवेत सहसा लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० पासून वेळोवेळी सांगितले आहे. तत्त्व म्हणून ते समजण्यासारखे असेल. पण पंधरा-वीस कोसांवर लग्न होऊन गेलेल्या मुलीला ते स्थलांतर वाटत नाही. ती माहेराहून सासरी गेली, इतकेच तिला ठाऊक असते.

नात्यांची भाषा पाहिली तर ही रेषा किती वरवरची आहे ते कळते. अण्णा, अक्का, अप्पा ही मराठी घरातली हाक कन्नडाशी सख्य सांगते. ताटातले तूप आणि पानाच्या डब्यातला अडकित्ता हेही त्याच शेजारातून आलेले शब्द. मामाची मुलगी करण्याची चाल दोन्हीकडे आहे. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंबंधांचा अभ्यास करताना उत्तर व दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात महाराष्ट्राला ठेवले, ते अशाच खुणांवरून. भाषाशास्त्रज्ञ गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यासही येथे आठवतो. तेथे मराठी, कन्नड व उर्दू यांची वाक्यरचना पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासाने एकमेकींच्या फार जवळ आली, तरी शब्द वेगळे राहिले. कारण प्रत्येक समाजाने घरात आपली भाषा जपली आणि दाराबाहेर शेजाऱ्याची बोलली. सीमाभागाचे आरोग्य याच व्यवस्थेत आहे. घरात आपली, बाहेर शेजाऱ्याची, आणि दोन्हींना मान.

ही व्यवस्था आज मोडते आहे, ती घराच्या आतून. आई-बाप कामासाठी पुणे, मुंबई, सोलापूर गाठतात. मुले आजी-आजोबांपाशी राहतात. आजी मराठी बोलते. नातू अंगणवाडीत कन्नड ऐकतो, शाळेत इंग्रजी पाठ करतो, आणि मराठी त्याच्याकडे केवळ जेवायला बोलावण्यापुरती उरते. तो दहा-बारा वर्षांचा होईतो आजीला त्याचे पुस्तक कळत नाही, आणि त्याला आजीची गोष्ट कंटाळवाणी वाटू लागते. एकाच छपराखाली दोन पिढ्यांना एकमेकींशी बोलायला शब्द उरत नाहीत. कुटुंब दुबळे होते म्हणजे हेच होते. भाषेचा प्रश्न आम्ही अभिमानाचा म्हणून मांडत आलो. तो आता वात्सल्याचा प्रश्न झाला आहे.

मग दारातल्या सेवांकडे वळावे लागते. पहिली अंगणवाडी. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तीन ते सहा वर्षांचे मूल तेथे आहाराबरोबर बोलणे शिकते. मराठी वस्तीतील अंगणवाडी सेविकेला मराठी येत असेल तर मूल पहिल्या दिवसापासून बोलते. येत नसेल तर ते महिनोन्‌महिने गप्प बसते आणि ‘मंद’ ठरते. येथे वेगळा निधी लागत नाही. सेविका त्याच वस्तीतील असावी, एवढी काळजी घेतली की काम होते.

दुसरा दवाखाना. बाजारापुरते कन्नड आमच्या म्हाताऱ्यांनाही येते. पण दुखणे बाजाराच्या भाषेत सांगता येत नाही. मराठीत तिला कळ येते, मुरडा पडतो, चमक निघते, ठणका लागतो, धाप लागते, जीव घाबरा होतो. कन्नडात तिला ‘नोवु’ हा एकच शब्द माहीत असतो. डॉक्टरपुढे तिची सहा दुखणी एका शब्दात कोंबली जातात, आणि औषध त्या एका शब्दावर मिळते. बाळंतिणीचे तर याहून कठीण. जे सासूपुढेही सांगायला संकोच वाटतो ते तिने दुभाषा म्हणून आलेल्या दिरापुढे कसे सांगावे? आशा कार्यकर्ती साधारण हजार लोकवस्तीमागे एक असते. मराठी वस्तीत ती दोन्ही भाषा जाणणारी असली, आणि उपकेंद्रात गरोदरपणाची व लसीकरणाची माहिती मराठीतही लावली, तर हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटेल.

तिसरी शाळा. प्राथमिक शाळेत एकूण चाळीस किंवा एका वर्गात दहा मुले त्या भाषेची असतील तर मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी, असे सूत्र १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने घालून दिले. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले आणि मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न करणे हे प्रत्येक राज्याचे व स्थानिक संस्थेचे काम ठरले. कागदावर काहीच कमी नाही. प्रत्यक्षात मराठी शाळेतील शिक्षक निवृत्त होतो, जागा रिकामी राहते, पालक मूल काढून घेतात, पट घटतो. मग पट नाही म्हणून शिक्षक मिळत नाही. ही साखळी तोडायची असेल तर शिक्षकाची जागा आधी भरली पाहिजे. पट आपोआप येईल असे आम्ही म्हणत नाही. पण शिक्षकावाचून तो कधीच येणार नाही.

चौथी कचेरी. येथे भाषेच्या अभ्यासकाला एक गंमत दिसते. अर्जी, दाखला, रजा, पगार, जमीन हे शब्द दोन्ही भाषांच्या कचेऱ्यांत थोड्या फरकाने तेच आहेत. सातबाऱ्याला इकडे पहाणी म्हणतात, आणि पहाणी हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. अडचण शब्दांची नाहीच. लिपीची आणि इच्छेची आहे. नाडकचेरीतील छापील नमुन्यावर कन्नड ओळीखाली देवनागरीत एक ओळ छापली तर शेतकऱ्याच्या मागचा मध्यस्थ सुटेल. संगणकाच्या काळात हे काम अवघड म्हणता येत नाही.

पाचवी गाडी. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेने राज्यातील स्त्रियांना साध्या गाडीचा प्रवास विनामूल्य झाला. महाराष्ट्रात त्याच वर्षीच्या मार्चपासून स्त्रियांना एसटीत अर्धे तिकीट आहे. दोन्ही सरकारांनी स्त्रीला माहेरी जाणे सोपे केले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण कुठेतरी दूर, बेळगावात वा कोल्हापुरात, एखाद्या गाडीला काळे फासले गेले की आमच्याकडील मायलेकींची भेट धोक्यात येते. २०२२ च्या अखेरीस आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये आंतरराज्य फेऱ्या थांबवाव्या लागल्या. गाडी अडवणाऱ्याला वाटते आपण अस्मितेसाठी लढलो. त्या गाडीत बाळंतपणाला निघालेली आई असते, डबा घेऊन दवाखान्यात निघालेला भाऊ असतो. त्यांची भाषा बहुधा अडवणाऱ्याचीच असते.

या सर्वाला घटनेचा आधार आहे. कलम ३५० प्रमाणे कोणत्याही नागरिकाला आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. कलम ३५० ब प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमलेला असतो. १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत असे ठरले की जिल्ह्यात किंवा त्याखालील तालुका, नगरपालिका अशा घटकात एखाद्या भाषेचे लोक पंधरा टक्के किंवा अधिक असतील, तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही द्याव्यात. म्हणजे आम्ही मागतो ती सवलत नव्हे. सर्व मुख्यमंत्र्यांनी मिळून मान्य केलेली गोष्ट आम्ही फक्त आठवून देतो आहोत.

आता आपल्या बाजूचेही स्पष्ट बोलले पाहिजे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो न्याय्य आहे असे आम्ही मानतो, आणि निकाल लागेल तो स्वीकारू. परंतु त्या वर्षी जन्मलेले मूल आज मतदार आहे, आणि त्याचे सगळे शालेय शिक्षण दाव्याच्या तारखांमध्ये होऊन गेले. २७ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ८६५ गावांविषयी एकमताने ठराव केला. त्याच्या पाच दिवस आधी कर्नाटकाने आपला ठराव केला होता. दोन्ही ठरावांनी आळंदच्या एकाही उपकेंद्रात मराठी फलक लागला नाही. २०२३ साली महाराष्ट्राने महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील या गावांना लागू करण्याचे ठरवले. हेतू चांगला होता, आणि कर्नाटकातून त्यास विरोध झाला. आमचे मत असे की आजाऱ्याला उपचार कुठल्या राज्याच्या पैशातून मिळाले हा वाद आजाऱ्याच्या उशाशी होऊ नये. त्याच वेळी हेही खरे की लांबून पाठवलेली योजना दाराशी असलेल्या सेवेची जागा घेऊ शकत नाही. रात्री दोन वाजता ताप चढलेल्या मुलाला जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्रच उपयोगी पडते.

आणि अक्कलकोटला विसरून आम्हाला बोलता येणार नाही. तेथे, दक्षिण सोलापुरात आणि जतेत कन्नड भाषिक मोठ्या संख्येने आहेत. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात अक्कलकोट म्हैसूर राज्याला द्यावे अशी शिफारस केली होती. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २०२२ च्या अखेरीस जत व अक्कलकोट तालुक्यांतील काही गावांतून कर्नाटकात जाण्याची भाषा निघाली. ती बारकाईने ऐकली तर त्यात पाणी, रस्ते व शाळा यांचीच तक्रार होती. सेवा पोहोचली नाही की माणूस राज्य बदलण्याची गोष्ट करतो, हे दोन्ही बाजूंना लागू आहे. सोलापूर जिल्ह्यात कन्नड माध्यमाच्या सरकारी शाळा चालतात, हे आम्ही अभिमानाने सांगतो. त्या नीट चालाव्यात असे आमचे म्हणणे आहे, कारण आळंदमध्ये मराठी शाळा मागण्याचा आमचा नैतिक अधिकार अक्कलकोटच्या कन्नड शाळेवर उभा आहे.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की मराठीची मागणी म्हणजे कन्नडला विरोध. तो आम्हाला मान्य नाही. आमच्या मुलांनी कन्नड उत्तम शिकावे; लिहावे, वाचावे, त्यात पहिले यावे. कलम ३७१ जे नुसार कल्याण कर्नाटकातील तरुणांना मिळालेल्या राखीव जागा आमच्याही मुलांसाठी आहेत, आणि कन्नडावाचून त्या हाती लागणार नाहीत. मातृभाषेत पक्के झालेले मूल दुसरी भाषा लवकर शिकते, हा शिक्षकांचा रोजचा अनुभव आहे. दुसरा आक्षेप असा की पालकांनाच आता इंग्रजी शाळा हवी, तर तुम्ही कुणासाठी भांडता? हा आक्षेप खरा आहे आणि तो आपल्यावरच येतो. मराठी शाळेसाठी निवेदनावर सही करून आपले मूल पिवळ्या बसमध्ये बसवणारे आपल्यातही आहेत. तेव्हा सरकारकडे मागण्याआधी घरात काही ठरवावे लागेल.

येत्या काळात करण्यासारखी कामे आम्ही थोडक्यात सांगतो. पहिले, जनगणना. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा मातृभाषा काय ते खरे सांगावे, आणि येणाऱ्या इतर दोन भाषांत कन्नडही नोंदवावी. संकोचाने वा भीतीने चुकीची नोंद झाली तर पंधरा टक्क्यांचा हिशेब पुढची अनेक वर्षे चुकेल. दुसरे, ग्रामसभा. मराठी वस्तीतील अंगणवाडी सेविका, आशा आणि पंचायतीचा फलक या तीन गोष्टींचे ठराव ग्रामसभेत मांडावेत. कन्नड शेजाऱ्याला आधी विश्वासात घ्यावे, त्याच्या पाणी-रस्त्याच्या ठरावाला आपला हात वर करावा. तिसरे, अर्ज. कलम ३५० चा उल्लेख करून मराठीत अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि नकार मिळाल्यास तो लेखी मागून भाषिक अल्पसंख्याकांच्या विशेष अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडे पाठवावा. चौथे, पलीकडच्या बांधवांनी आपापल्या आमदारांना विचारावे की सीमेपलीकडून आलेल्या सुनेच्या कागदपत्रांसाठी तालुका कचेरीत वेगळी मदत का नसावी. पाचवे काम कुणाच्या परवानगीचे नाही. रोज रात्री अर्धा तास नातवाने आजीला तिच्या भाषेत काहीतरी वाचून दाखवावे. पुस्तक नसेल तर आजीने सांगावे आणि त्याने लिहून घ्यावे.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. आम्ही म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. आपण म्हटले की तो आत येतो. सीमालढ्याने सत्तर वर्षे ‘आम्ही’ उच्चारले, आणि त्याची गरज होती. पण दवाखाना, अंगणवाडी, शाळा, पाणी आणि गाडी यांच्या मागण्या ‘आपण’ म्हणूनच कराव्या लागतील, कारण आळंदच्या एकाच गल्लीत मराठी घर आहे, कन्नड घर आहे, उर्दू बोलणारे घर आहे, लमाणांचे घर आहे, आणि उपकेंद्र सगळ्यांना मिळून एकच आहे. न्यायालयाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. पुढच्या ग्रामसभेची तारीख मात्र पंचायतीच्या फलकावर लावलेली असते. ती वाचून घ्यावी, कन्नडात असली तरी.